विंगेटची वाट

फेब्रुवारी १९४३ च्या पहिल्या आठवड्यात हिंदुस्थानचा सरसेनापती फील्ड मार्शल आर्चिबाल्ड वेव्हेल इंफाळला आला. एका ब्रिगेडला निरोप द्यायचा की तिची मोहीमच रद्द करायची, हे त्याला ठरवायचं होतं. ७७ वी इंडियन इन्फंट्री ब्रिगेड एका मोठ्या चढाईचा भाग म्हणून उभी केली होती. उत्तरेकडून चिनी फौजा ब्रह्मदेशात उतरतील, पश्चिमेकडून ब्रिटिश चिंदविन नदीकडे सरकतील आणि ही ब्रिगेड जपान्यांच्या पिछाडीत घुसून त्यांची रेल्वे तोडेल, असा तो बेत. पण चिनी येणार नाहीत असं कळलं आणि ब्रिटिशांची चढाईही बारगळली. लग्न मोडलं होतं आणि वरात तेवढी दारात उभी होती.

ब्रिगेडचा प्रमुख वेव्हेलशी दोन तास बोलत राहिला. माणसं तयार आहेत, आता त्यांना मागे फिरवलं तर ती पुन्हा अशी तयार होणार नाहीत. आणि आपली कल्पना खरी की खोटी हे जंगलात गेल्याशिवाय कधीच कळणार नाही, हे त्याचं म्हणणं. वेव्हेलने परवानगी दिली. ब्रिगेड समोरून जाऊ लागली तेव्हा शिपायांच्या सलामीची वाट न पाहता त्यानेच आधी सलाम केला. तीन हजार माणसं पाठीवर तीस-बत्तीस किलो ओझं घेऊन अशा मोहिमेवर निघाली होती, जिचं मूळ कारणच उरलं नव्हतं.

तो ब्रिगेडप्रमुख म्हणजे ऑर्ड चार्ल्स विंगेट. जन्म नैनितालचा, २६ फेब्रुवारी १९०३ चा. वडील हिंदी लष्करात कर्नल. आईवडील दोघंही प्लिमथ ब्रेदरेन या कडक ख्रिस्ती पंथाचे. घरात बायबलचं पाठांतर, रविवारी खेळसुद्धा वर्ज्य. मूल वर्षा-दोन वर्षांचं असतानाच कुटुंब इंग्लंडला परतलं, म्हणजे हिंदुस्थानच्या आठवणी त्याच्यापाशी नव्हत्याच. पुढे आयुष्यभर पुरलं ते बायबल. लढाईचे दाखले तो जुन्या करारातूनच द्यायचा.

वुलिचच्या लष्करी अकादमीतली त्याची एक गोष्ट त्याचे सगळेच चरित्रकार सांगतात. नियम मोडणाऱ्या कनिष्ठ कॅडेटला वरच्या वर्गातली मुलं नागवं करून दोन रांगांमधून पळवत, ओल्या टॉवेलला गाठी मारून झोडपत आणि शेवटी गार पाण्याच्या हौदात टाकत. विंगेटची पाळी आली. तो पळाला नाही. रांगेतल्या पहिल्या मुलासमोर जाऊन उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मार म्हणाला. त्या मुलाचा हात उठला नाही. मग दुसऱ्यासमोर, तिसऱ्यासमोर. रांग संपली तेव्हा त्याच्या अंगावर एकही फटका नव्हता, आणि हौदात त्याने स्वतःच उडी घेतली. वरिष्ठांशी तो पुढे वीस वर्षं जसा वागला ते सगळं या प्रसंगात आहे. फरक इतकाच की मोठेपणी समोरच्यांचे हात उठले.

सुदानमध्ये त्याने पाच वर्षं काढली. तिथे हस्तिदंताचे चोर आणि गुलामांचे व्यापारी पकडले, अरबी पक्की केली आणि लिबियाच्या वाळवंटात झर्झुरा नावाचं दंतकथेतलं ओअॅसिस शोधायला गेला. ते अर्थातच सापडलं नाही. हा काळ वजा केला तरी गोष्ट अडत नाही. ती खरी सुरू होते १९३६ मध्ये, पॅलेस्टाइनमध्ये.

ब्रिटिश अधिकारी तिथे बहुतेक अरबांच्या बाजूचे असत. विंगेट काही आठवड्यांत ज्यूंच्या बाजूला गेला, तोही साधा सहानुभूतीदार म्हणून नव्हे, तर शपथ घेतल्यासारखा. हिब्रू शिकू लागला. १९३८ मध्ये, पुन्हा वेव्हेलच्याच आशीर्वादाने, त्याने ‘स्पेशल नाइट स्क्वॉड्स’ उभे केले. किर्कुकहून हैफाला येणारी तेलाची पाइपलाइन अरब बंडखोर रात्री फोडत आणि पेटवून देत. राखण करत बसण्यापेक्षा रात्रीच त्यांच्या गावांकडे चालत जायचं आणि ते निघण्याआधी गाठायचं, ही त्याची रीत. थोडे ब्रिटिश शिपाई, बाकी ज्यू पोलीस. पुढे इस्राएलचा सेनापती झालेला मोशे दायान त्यांच्यातलाच एक. इस्राएलमध्ये विंगेटला आजही ‘मित्र’ म्हणतात आणि तिथली राष्ट्रीय क्रीडा संस्था त्याच्या नावाने चालते. पण याच पथकांनी अरब खेड्यांतल्या माणसांना मारझोड केली, एकाच्या गुन्ह्याची शिक्षा साऱ्या गावाला दिली, कधी जीवही घेतले. आणि हुकूम देणारा विंगेट होता. त्याच्यावर प्रेम करणारे चरित्रकार हे एका परिच्छेदात उरकतात. ज्या गावांनी ते भोगलं त्यांच्या लेखी ती एका परिच्छेदाची बाब नव्हती. १९३९ मध्ये त्याला परत धाडलं गेलं आणि पॅलेस्टाइनमध्ये पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं बजावण्यात आलं.

दुसरी संधीही वेव्हेलनेच दिली. १९४१ च्या जानेवारीत इथिओपियाचा पदच्युत सम्राट हैले सेलासी सुदानच्या हद्दीतून मायदेशी शिरला. त्याच्यासोबत विंगेटची ‘गिडियन फोर्स’ होती. तीनशे माणसांनी मोठं सैन्य उधळणारा बायबलमधला गिडियन, त्याचं हे नाव. दोनेक हजार सुदानी आणि इथिओपियन शिपाई, मूठभर ब्रिटिश अधिकारी आणि हजारो उंट. डोंगराळ मुलुखात उंट टिकत नाहीत हे सांगणारे होते, ऐकणारा नव्हता. वाटभर उंटांचे सांगाडे पडले. पुढच्या तुकड्यांना त्या वासावरून रस्ता कळे म्हणतात. पण इटालियन ठाणी एकेक करून पडली. विंगेटने आपल्या फौजेचा आकडा फुगवून शत्रूपर्यंत पोचवला, फोनवरून खोटे निरोप दिले, आणि मे महिन्यात दहा हजारांहून जास्त माणसांच्या इटालियन फौजेने त्याच्यापुढे शस्त्रं टाकली. सम्राट अदिस अबाबात शिरला.

आणि मग फौज मोडली, विंगेटची बढती काढून घेतली, त्याला मेजर करून कैरोला पाठवलं. त्याने वरिष्ठांचे वाभाडे काढणारा अहवाल लिहिला. मलेरियाने अंग तापलेलं, त्यावर भरमसाट अॅटेब्रिन घेतलेलं. ४ जुलै १९४१ रोजी काँटिनेंटल हॉटेलातल्या खोलीत त्याने सुरीने स्वतःचा गळा चिरला. शेजारच्या खोलीतल्या एका कर्नलला काहीतरी कोसळल्याचा आवाज आला, म्हणून जीव वाचला.

अशा अधिकाऱ्याला कुठलंही सैन्य पुन्हा फौज देत नाही. ब्रिटिशांनी दिली, कारण १९४२ च्या सुरुवातीला त्यांच्याजवळ शहाण्या माणसांकडून झालेल्या पराभवांशिवाय काही नव्हतं. सिंगापूर गेलं, रंगून गेलं, उरलेलं सैन्य ब्रह्मदेशातून मैलोन्‌मैल मागे हटत होतं. हिंदुस्थानात आलेल्या वेव्हेलने तिसऱ्यांदा विंगेटला बोलावून घेतलं.

विंगेटची कल्पना अशी. जंगलात लढणाऱ्या फौजेची मान तिच्या रसदेच्या रस्त्यावर असते. जपानी तेच करतात, बगलेने येऊन मागचा रस्ता अडवतात आणि पुढची फौज आपोआप मोडते. मग आपल्याला रस्ताच नसला तर? दाणागोटा, दारूगोळा, दाण्याची पोती, चपला, चष्मेसुद्धा विमानातून टाकायचे. प्रत्येक तुकडीबरोबर रेडिओ आणि हवाई दलाचा एक अधिकारी द्यायचा, म्हणजे विमानांना कुठे टाकायचं ते सांगता येईल. अशी तुकडी शत्रूच्या मुलुखात कितीही खोल जाऊ शकते. जपान्यांनी रस्ता अडवायचा म्हटलं तरी अडवायला काही नाही.

आपल्याकडे असं काही वाचलं की लगेच गनिमी कावा आठवतो. दोन्ही एक म्हणण्याचा मोह टाळावा. गनिमी काव्याचं बळ मुलखात असतं: गावातली भाकरी, खिंडीची माहिती, परतायला गड. विंगेटपाशी यातलं काही नव्हतं. त्याचा गड आकाशात होता आणि ब्रह्मी गावकऱ्याच्या लेखी तो येऊन जाणारा पाहुणा होता. तो निघून गेला की जपानी त्या गावात येत आणि मदत करणाऱ्यांना काय भोगावं लागे ते तिथल्या लोकांनाच माहीत. विंगेटला स्वतःलाही ‘गुरिल्ला’ हे वर्णन आवडत नसे. साध्या पलटणीतला साधा शिपाई शिकवून खोलवर लढवता येतो, हा त्याचा दावा होता.

आणि शिपाई खरंच साधे होते. विंगेटच्या फौजेला पुढे मिळालेल्या चिंडिट या नावाभोवती आज जी आभा आहे ती पाहून निवडक मल्लांची फौज डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्याला मिळालेली किंग्ज रेजिमेंटची तेरावी बटालियन म्हणजे लिव्हरपूल-मँचेस्टरकडची, तिशीतली, लग्न झालेली, इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहारा देण्यासाठी भरती केलेली माणसं. जोडीला दुसऱ्या गुरखा रायफल्सची तिसरी बटालियन, तीत बरीचशी पोरगेली मुलं. आणि बर्मा रायफल्सचे करेन, काचिन, चिन शिपाई, जे या सगळ्यांत उत्तम होते असं विंगेटच म्हणे. नागपुरातून चालणाऱ्या मध्य प्रांताच्या उत्तर टोकाला, सागर जिल्ह्याच्या जंगलात, १९४२ च्या भर पावसाळ्यात त्याने त्यांना शिकवायला घेतलं. दिवसा चालणं, रात्री चालणं, उतू गेलेल्या नद्या खेचरांसकट पोहून पार करणं. मलेरियाने आणि हगवणीने पलटणी निम्म्याहून अधिक रिकाम्या झाल्या. आजारी पडणं हा गुन्हा आहे असं ब्रिगेडप्रमुखाचं मत. ज्यांना झेपलं नाही त्यांना काढून दुसरे आणले.

तो स्वतः सगळ्यांबरोबर चाले. डोक्यावर जुन्या वळणाची सोला टोपी, मोहिमेवर वाढलेली दाढी, खिशात कच्चा कांदा. तो चालता चालता खायचा आणि इतरांनाही खायला लावायचा. आंघोळीऐवजी ब्रशने अंग घासायचा, आणि तंबूत नागवा बसून अधिकाऱ्यांना हुकूम सांगायचा. या गोष्टी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. त्याच्या हाताखालच्या मायकेल कॅल्व्हर्ट आणि बर्नार्ड फर्ग्युसन या दोघांनी मात्र दुसरंच लिहून ठेवलं: हा माणूस बोलू लागला की अशक्य वाटणारी गोष्ट उद्याच करून टाकावी असं वाटे. फर्ग्युसन त्याच्या खोटेपणाबद्दल आणि तापट स्वभावाबद्दलही मोकळेपणाने लिहितो, म्हणून त्याच्या स्तुतीवर विश्वास बसतो.

तर १३ फेब्रुवारी १९४३ पासून सात तुकड्या चिंदविन ओलांडू लागल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कॅल्व्हर्ट आणि फर्ग्युसन रेल्वेपाशी पोचले. ही मंडालेहून उत्तरेला मिच्चिनाकडे जाणारी रेल्वे. मंडाले आपल्याला लोकमान्यांच्या तुरुंगामुळे ठाऊक, जपान्यांना ते उत्तर ब्रह्मदेशाच्या रसदेचं तोंड म्हणून. कॅल्व्हर्टने रूळ सत्तरेक ठिकाणी उडवले, पूल पाडले. फर्ग्युसनने एका घळईत डोंगरच रुळांवर आणला. इथवर सगळं कागदावरच्यासारखं झालं. दरम्यान एका गुरखा तुकडीची रेल्वेजवळ दाणादाण उडाली, तिचं खापर विंगेटने तिच्या अधिकाऱ्यांवर फोडलं आणि गुरखा पलटणींत त्याच्याबद्दल जी अढी बसली ती कायमची.

मग त्याने इरावदी ओलांडली. ही चूक होती, याबद्दल त्याच्या चाहत्यांतही फारसा वाद नाही. पलीकडचा मुलूख उघडा, कोरडा, रस्त्यांनी भरलेला. पाणवठे जपान्यांच्या हातात. आणि विमानांचा पल्ला संपत आलेला. इरावदी आणि श्वेली या नद्यांच्या बेचक्यात माणसं आणि त्यांची खेचरं तहानेने सुकू लागली. २४ मार्चला परतीचा हुकूम आला. तुकड्या लहान टोळ्यांत फुटल्या आणि जो तो आपापल्या वाटेने चिंदविनकडे निघाला. खेचरं खाल्ली, मग घोडे, मग बांबूचे कोंब. ज्याला चालवेना त्याला गावाच्या कडेला किंवा झाडाखाली सोडायचं, असा नियम निघतानाच सांगितलेला होता. श्वेली नदी ओलांडताना फर्ग्युसनची चाळीसहून जास्त माणसं प्रवाहातल्या वाळूच्या बेटावर अडकली. छातीभर पाण्याच्या ओढीत उतरायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. पहाट होत होती आणि जपानी जवळ होते. फर्ग्युसनने उरलेल्यांना घेऊन पुढे निघायचा हुकूम दिला. तो निर्णय बरोबर होता की नाही, हा प्रश्न त्याने आपल्या पुस्तकात स्वतःला विचारला आणि उत्तर दिलं नाही.

तीन हजारांतले २,१८२ परतले. त्यांतले सहाशेच्या आसपास पुन्हा लढाईला उभे राहू शकले नाहीत. जे सापडले ते रंगूनच्या तुरुंगात गेले आणि त्यांतलेही कितीतरी तिथेच मेले. रेल्वे काही आठवड्यांत दुरुस्त झाली. हिशेबच मांडायचा तर हा तोट्याचा व्यवहार होता.

पण हिशेब दोन माणसांनी वेगळा मांडला.

पहिला चर्चिल. वर्षभर ब्रह्मदेशातून पराभवाच्याच बातम्या आलेल्या. आणि आता एक दाढीवाला ब्रिगेडियर जपान्यांच्या मुलखात शिरून, त्यांना तीन महिने नाचवून, चिंदविन पोहून परत आलेला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. चर्चिलने त्याला लंडनला बोलावलं, ४ ऑगस्टच्या रात्री जेवायला बसवलं आणि जेवण संपायच्या आत ठरवून टाकलं की हा माणूस आपल्याबरोबर क्वेबेकच्या परिषदेला येणार. बायकोला भेटायला आतुर असलेल्या विंगेटसाठी त्या बिचारीला एडिंबरोला गाडीतून उतरवून बोटीवर आणलं गेलं. क्वेबेकला रूझवेल्ट आणि त्याच्या सेनानींपुढे त्याने आपली कल्पना मांडली. ब्रिटनच्या बाजूने ब्रह्मदेशात कुणी लढायला तयार आहे याचंच अमेरिकनांना इतकं अप्रूप वाटलं, की हवाई दलप्रमुख आर्नल्डने त्याला स्वतंत्र हवाई ताफाच देऊन टाकला. लढाऊ विमानं, बाँबफेकी, ग्लायडर आणि शंभर हलकी विमानं. ही हलकी विमानं शेताएवढ्या जागेत उतरून जखमींना उचलणार होती. झाडाखाली सोडलेल्या माणसांचं ओझं विंगेट विसरला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं.

अमेरिकनांनी स्वतःचीही एक तुकडी याच धर्तीवर उभी केली. ऑक्टोबर १९४३ च्या शेवटच्या दिवशी ती मुंबईला उतरली, काही आठवडे देवळालीच्या छावणीत राहिली आणि मग विंगेटच्या पद्धतीचं शिक्षण घ्यायला मध्य हिंदुस्थानात गेली. पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून तिचं नाव झालं. देवळाली म्हटलं की आपल्याला तोफखाना आठवतो. ब्रह्मदेशात नावाजलेल्या या अमेरिकन पायदळाचाही तिथल्या धुळीशी संबंध आला होता.

वेगळा हिशेब मांडणारा दुसरा माणूस जपानी होता. रेन्या मुतागुची. १९४२ मध्ये आसामवर चढाईचा विचार जपानी मुख्यालयात निघाला तेव्हा याच मुतागुचीने नाही म्हटलं होतं: चिंदविनपलीकडचे डोंगर सैन्याने ओलांडण्याजोगे नाहीत. १९४३ मध्ये विंगेटच्या टोळ्यांचा पाठलाग करायचं काम त्याच्याकडे आलं. आणि त्याला दिसलं ते असं, की लिव्हरपूलचे लग्न झालेले पोक्त शिपाई खेचरं घेऊन हे डोंगर दोनदा ओलांडून गेले. मग जपानी का जाणार नाहीत? शिवाय असे हल्ले पुन्हा होणार असतील तर चिंदविनवर बसून राहण्यात अर्थ नाही, त्यांचं मूळच, म्हणजे इंफाळ, उपटलं पाहिजे. पंधराव्या आर्मीची सूत्रं हातात येताच तो या योजनेच्या मागे लागला. विंगेटकडे विमानं होती आणि आपल्याकडे नाहीत, हा फरक त्याने धरला नाही. त्याच्या कर्मचाऱ्यांनी तो दाखवून दिला, त्यांना बाजूला करण्यात आलं.

म्हणजे १९४४ च्या वसंतात दोन सेनापती एकाच वेळी एकमेकांच्या पिछाडीकडे निघाले होते आणि दोघांनाही दुसऱ्याचा बेत नीट माहीत नव्हता.

विंगेट आता मेजर जनरल होता. सहा ब्रिगेड, वीस हजारांच्या आसपास माणसं. मधल्या काळात तो मरता मरता वाचला होता: हिंदुस्थानात परतताना लिबियातल्या विमानतळावर तहान लागली, उपाहारगृह बंद, म्हणून त्याने फुलदाणीतलं पाणी पिऊन टाकलं आणि विषमज्वर ओढवून घेतला. ५ मार्च १९४४ च्या संध्याकाळी कछारमधल्या लालाघाटच्या धावपट्टीवर ग्लायडर ओळीने उभे होते. निघायला अर्धा तास उरला असताना एक विमान ताजे फोटो घेऊन आलं. उतरायच्या दोन मैदानांपैकी ‘पिकॅडिली’वर सागाचे ओंडके आडवे टाकलेले दिसत होते. बेत फुटला? त्या अर्ध्या तासाविषयी दोन हकिगती आहेत. चौदाव्या आर्मीचा प्रमुख विल्यम स्लिम सांगतो की विंगेट गडबडून गेला आणि जायचं हा निर्णय स्लिमला घ्यावा लागला; विंगेटची माणसं सांगतात की तो शांत होता. स्लिमची हकिगत छापली गेली तेव्हा विंगेट उत्तर द्यायला जिवंत नव्हता. एवढं खरं की सगळे ग्लायडर ‘ब्रॉडवे’ या दुसऱ्या मैदानाकडे वळवले गेले. (ओंडके तिथल्या लाकूडतोड्यांनी वाळवायला ठेवले होते, हे मागाहून कळलं.)

ब्रॉडवेवर रात्री ग्लायडर गवतात लपलेल्या खड्ड्यांवर आपटून एकमेकांत घुसले, कितीतरी वाटेतच गळाले, तीसेक माणसं मेली. पण सकाळी तिथे चारशे माणसं जिवंत उभी होती आणि त्यांच्याबरोबर एक छोटा बुलडोझर. संध्याकाळपर्यंत धावपट्टी तयार झाली. आठवडाभरात नऊ हजार माणसं आणि तेराशेहून अधिक जनावरं जपानी फळीच्या दीडशे मैल मागे उतरली. खेचरांच्या स्वरतंतूंची शस्त्रक्रिया आधीच केली होती. ती खिंकाळू नयेत म्हणून. कॅल्व्हर्टने रेल्वेवर मावलू गावाजवळ ठाणं मांडलं. झाडांना लटकलेल्या पॅराशूटच्या कापडाने ते पांढरं दिसे म्हणून त्याचं नाव ‘व्हाइट सिटी’. एप्रिलमध्ये अमेरिकन ताफ्यातल्या एका हेलिकॉप्टरने याच मुलखातून चार माणसांना उचललं. लढाईत हेलिकॉप्टरने सुटका केल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण.

ते विंगेटने पाहिलं नाही. २४ मार्चला ठाण्यांची पाहणी करून तो इंफाळला आला आणि तिथून अमेरिकन मिचेल बाँबफेकी विमानाने लालाघाटकडे निघाला. बरोबर त्याचा एडीसी, दोन ब्रिटिश वार्ताहर आणि पाच अमेरिकन वैमानिक-कर्मचारी. विमान बिष्णुपूरच्या पश्चिमेच्या डोंगरात कोसळलं. ओळखू येईल असं फार काही उरलं नाही. त्याची ती जुन्या वळणाची टोपी सापडली. मेलेल्यांत अमेरिकन जास्त, आणि अवशेष वेगळे करता येईनात, म्हणून १९५० मध्ये सगळ्यांना मिळून वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत नेण्यात आलं. नैनितालला जन्मलेला, मणिपूरला मेलेला ब्रिटिश जनरल अमेरिकेच्या मातीत आहे.

तो मेला त्याच दिवशी, त्या डोंगराच्या पूर्वेला सांग्शाक गावात मराठे लढत होते. मुतागुचीच्या फौजा मार्चच्या मध्यावर चिंदविन ओलांडून आल्या होत्या आणि कोहिमाकडे जाणाऱ्या त्यांच्या तुकडीच्या वाटेवर पन्नासावी इंडियन पॅराशूट ब्रिगेड उभी होती. तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. काटेरी तार नाही, खडकात खंदक खणता येत नाहीत, पाणी मोजून. २२ ते २६ मार्च ते टिकले आणि मग रात्री जंगलातून निघून गेले. ब्रिगेड जवळपास मोडली, पण तिने घेतलेल्या त्या चार-पाच दिवसांत कोहिमा आणि इंफाळ यांना सावरायला अवधी मिळाला. हिंदी लष्कराबद्दल विंगेटचं मत चांगलं नव्हतं आणि ते तो लपवत नसे. आपल्या फौजेत गुरख्यांखेरीज हिंदी पायदळ त्याने घेतलंच नाही. त्याच्या पहिल्या मोहिमेने जपान्यांना जी वाट सुचवली तिच्या तोंडावर उभं राहायचं काम याच पलटणींवर आलं, आणि ते त्यांनी केलं.

जपान्यांबरोबर आझाद हिंद फौजेच्या पलटणीही आल्या. विंगेट कोसळला त्या डोंगरांपासून फार लांब नसलेल्या मोइरांगला १४ एप्रिलला तिरंगा फडकला. इंफाळच्या वेढ्याने मात्र मुतागुचीचा घास घेतला. त्याच्या ८५ हजारांतले ३० हजार मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगाने. जपानी सैन्याने तोवर जमिनीवर खाल्लेला हा सर्वांत मोठा मार.

विंगेटच्या फौजेचं पुढे जे झालं ते वाचवत नाही. नवा प्रमुख लेंटेन याला विंगेटची कल्पना मुळात पटलेलीच नव्हती. मे महिन्यात फौज अमेरिकन जनरल स्टिलवेलच्या हाताखाली गेली आणि त्याने हलक्या शस्त्रांच्या, महिनोन्‌महिने जंगलात राहिलेल्या माणसांना बांधीव ठाण्यांवर घातलं. जूनमध्ये मोगाउंग घेताना कॅल्व्हर्टच्या ब्रिगेडमधले आठशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. सहाव्या गुरखा रायफल्सचा तुलबहादूर पुन सोबतचे सगळे पडल्यावर गुडघाभर चिखलातून एकटा ब्रेनगन घेऊन धावत गेला आणि त्याने ठाणं घेतलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वैद्यकीय तपासणीत काही तुकड्यांमध्ये लढण्याजोगी माणसं मोजकीच निघाली. फेब्रुवारी १९४५ मध्ये फौज मोडण्यात आली. शिल्लक माणसांतून आणि क्रमांकांतून हिंदी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली.

युद्धाचा सरकारी इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला फारच कमी गुण दिले. वीस हजार माणसं त्याच्याकडे नसती तर ती इंफाळला कामी आली असती, असं त्यांचं म्हणणं, आणि स्लिमचंही साधारण तेच. उलट मुतागुचीने युद्धानंतर सांगितलं की पाठीमागे उतरलेल्या या फौजेने त्याची एक डिव्हिजन आणि विमानं अडकवून ठेवली नसती तर कोहिमाचा निकाल वेगळा लागला असता. हरलेल्या सेनापतीला असं म्हणणं सोयीचंच असतं, तेव्हा ते थोडं कमी करून घ्यावं. मला सरकारी इतिहासकारांचा हिशेब पटतो, पण तो अपुरा वाटतो. रूळ, पूल, मृत जपानी एवढंच मोजलं तर विंगेट हरतो. त्याचा खरा परिणाम माणसांच्या समजुतींवर झाला. जंगल जपान्यांचं आहे ही समजूत त्याने ब्रिटिश सैन्यातून काढली, ब्रह्मदेशात लढाई शक्य आहे हे अमेरिकनांना पटवलं, आणि डोंगर ओलांडता येतात हे शत्रूला पटवून त्याला सर्वनाशाकडे धाडलं. यातली शेवटची गोष्ट त्याच्या मनातही नव्हती, आणि तीच सर्वांत मोठी ठरली. तिची किंमत श्वेलीच्या वाळूवर राहिलेल्यांनी आणि सांग्शाकच्या खडकावर पडलेल्यांनी दिली, म्हणून तिला प्रतिभा म्हणताना जीभ अडखळते.

ब्रिटिश लष्कराने २०१५ मध्ये एक नवी ब्रिगेड उभारली आणि तिला चिंडिटांचा ७७ हा क्रमांक व त्यांचं बोधचिन्ह दिलं. बंदुकीने लढणं हे तिचं काम नाही; माहिती, प्रचार आणि लोकांच्या समजुती हे तिचं क्षेत्र आहे.